हेन्री टेलर चरित्र-पुस्तिका: प्रकल्प नोंदी

4 जानेवारी 2025

आमच्या तलावावर शिकणाऱ्या दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी जुन्या जलतरणपटूंच्या लहान चरित्र-पुस्तिका काढायच्या, असे गेल्या दिवाळीत ठरले होते. पहिली पुस्तिका कोणावर असावी, याचा निर्णय आज झाला. सहकाऱ्यांनी सुचवलेली नावे मोठी होती. 1896 मध्ये अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये समुद्रात पोहून दोन शर्यती जिंकणारा हंगेरीचा आल्फ्रेड हायोश आणि हवाई बेटांचा ड्यूक काहानामोकू, हे दोघेही पहिल्या पुस्तिकेला शोभले असते. मी मात्र 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पोहण्याची तीन सुवर्णपदके जिंकणाऱ्या, इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातील हेन्री टेलरचे नाव धरून बसलो आणि अखेर ते मान्य झाले.

माझ्या आग्रहाचे कारण इथे नोंदवून ठेवतो. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत रिंग खात्यात कामाला होते. ज्या यंत्रावर त्यांनी उमेदीची वर्षे काढली, त्याच्या बिडाच्या चौकटीवर ‘प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम’ अशी उठावाची अक्षरे होती. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, पण रोज हात पुसता पुसता ती अक्षरे त्यांच्या बोटांना पाठ झाली होती, असे ते सांगत. मुंबईच्या गिरण्यांमधली सूतकताईची कितीतरी यंत्रे ओल्डहॅमच्या याच कारखान्यातून आली होती. हेन्री टेलर त्याच ओल्डहॅमला लागून असलेल्या हॉलिनवूडमध्ये 17 मार्च 1885 रोजी जन्मला आणि तोही सूतगिरणीत कामाला होता. गिरणगावातून आलेल्या मुलांना हा माणूस परका वाटू नये, असे मला मनापासून वाटते.

11 जानेवारी

पहिल्या दोन पानांचा मजकूर लिहिला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेल्या हेन्रीला त्याचा थोरला भाऊ बिल याने वाढवले. पुढे पोहण्याचा सरावही त्यानेच करून घेतला. मराठी मुलांना हे नाते समजावून सांगावे लागणार नाही. थोरला भाऊ बापाच्या जागी उभा राहतो, हे आपल्या घरांतून पुष्कळांनी पाहिलेले आहे. म्हणून मजकुरात ‘मार्गदर्शक’ किंवा ‘प्रशिक्षक’ हे शब्द मी काढून टाकले आणि सरळ ‘बिलदादा’ असे लिहिले.

ओल्डहॅमचे वर्णन मात्र नीट करायला हवे होते, कारण त्याशिवाय टेलर समजत नाही. 1911 च्या सुमारास या एका गावातील गिरण्यांमध्ये 1 कोटी 60 लाखांहून अधिक चात्या फिरत होत्या. त्या काळी जगात दुसऱ्या कुठल्याही एका गावात एवढ्या चात्या नव्हत्या. गिरणी म्हणजे बाष्पयंत्र, बाष्पयंत्र म्हणजे कोळसा आणि पाणी. म्हणून गिरण्या कालव्याच्या काठाने उभ्या राहिल्या. वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करण्यासाठी कालव्याचे पाणी आत घेतले जाई आणि ते कोमट होऊन बाहेर पडे. त्यामुळे इंग्लंडच्या थंडीतही गिरणीलगतच्या कालव्याचे पाणी इतर ठिकाणांपेक्षा उबदार असे आणि कामगारांची पोरे तिथेच उड्या मारत.

हॉलिनवूडच्या कालव्यातून कोळशाच्या होड्या चालत. जेवणाच्या सुट्टीत टेलर याच कालव्यात सराव करी. दुपारची सुट्टी केवढी असते, हे गिरणी पाहिलेल्या माणसाला ठाऊक असते. त्या वेळात डबा खायचा, कपडे उतरवायचे, पोहायचे, अंग पुसायचे आणि भोंगा होण्याआधी पुन्हा खात्यात हजर व्हायचे. या एका गोष्टीला मी पुस्तिकेत अर्धे पान दिले आहे. सहकाऱ्यांना ते जास्त वाटले, मला वाटत नाही.

18 जानेवारी

आज दिवसभर ‘घाण पाण्याचा दिवस’ या एकाच गोष्टीवर काम केले. मला ती टेलरच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

त्या काळच्या सार्वजनिक तलावांना पाणी गाळून फिरवणारी यंत्रे नव्हती आणि पाण्यात क्लोरीन घालण्याची पद्धतही रूढ झालेली नव्हती. तलाव रिकामा करून घासायचा, ताजे पाणी भरायचे आणि मग पुढची भरणी होईपर्यंत तेच पाणी वापरायचे, अशी रीत होती. साहजिकच भरणीच्या दिवशी पाणी स्वच्छ असे आणि प्रवेशाचा दर चढा असे. दिवस जातील तसे पाणी गढूळ होत जाई आणि दरही उतरत जाई. भरणी होण्याआधीच्या शेवटच्या दिवशी प्रवेश सर्वांत स्वस्त मिळे आणि ओल्डहॅमजवळच्या चॅडर्टनच्या तलावावर टेलर पोहायला जाई तो याच दिवशी. लोक त्याला घाण पाण्याचा दिवस म्हणत.

माझ्या पहिल्या मसुद्यात हा प्रसंग करुण झाला होता. दुसऱ्या वाचनात ते मला खटकले. ज्या दिवशी पैसेवाले लोक फिरकत नसत, त्या दिवशी तलाव मोकळा असणार, आणि लांब पल्ल्याच्या सरावाला मोकळ्या पाण्यासारखे दुसरे काही नसते, हे मी पंचवीस वर्षे मुलांना शिकवल्यानंतर ठामपणे म्हणू शकतो. गर्दीच्या तलावात अंगात लय भिनत नाही, कारण दर दहा हातांना कोणीतरी आडवे येते. गरिबीमुळे टेलरला घाण पाणी वाट्याला आले हे खरे आहे, पण त्या पाण्यात त्याने काय केले हे मुलांना अधिक ठळकपणे दिसायला हवे. प्रसंग पुन्हा लिहिला. आता त्यात दयेचा शब्द नाही.

25 जानेवारी

1906 चे प्रकरण पूर्ण केले. त्या वर्षी अथेन्समध्ये दोन ऑलिंपिकच्या मधले जादा खेळ भरले होते आणि पोहण्याच्या शर्यती फालिरोनच्या उपसागरात, म्हणजे उघड्या समुद्रात झाल्या होत्या. टेलर तेव्हा एकवीस वर्षांचा होता. एक मैलाची शर्यत त्याने 28 मिनिटे 28 सेकंदांत जिंकली. दुसरा आलेला लेस्टरचा जॉन आर्थर जार्व्हिस हा 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1000 आणि 4000 मीटर या दोन्ही शर्यती जिंकलेला नावाजलेला खेळाडू होता, आणि तो दीड मिनिटाहून अधिक मागे राहिला. 400 मीटरमध्ये मात्र ऑस्ट्रियाचा ओटो शेफ पुढे गेला. शेफची वेळ 6 मिनिटे 23.8 सेकंद आणि टेलरची 6 मिनिटे 24.4 सेकंद होती. संघाच्या शर्यतीत ब्रिटनला कांस्यपदक मिळाले. त्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये, रंकॉर्न इथे टेलरने 880 यार्डांचे अंतर 11 मिनिटे 25.4 सेकंदांत तोडले आणि ती वेळ जागतिक विक्रमांच्या यादीत गेली.

इथे पदकांच्या हिशेबाचा प्रश्न निघाला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती 1906 च्या खेळांना अधिकृत ऑलिंपिक मानत नाही. ती पदके धरली तर टेलरची पदके आठ होतात, चार सुवर्ण, एक रौप्य आणि तीन कांस्य. न धरली तर ती पाच उरतात, तीन सुवर्ण आणि दोन कांस्य. पुस्तिकेत दोन्ही आकडे द्यायचे आणि फरकाचे कारण एका वाक्यात सांगायचे, असे ठरवले. मुलांना आकडे आवडतात आणि आकड्यामागचे भांडण तर त्याहून आवडते, तेव्हा ते लपवण्याचे काहीच कारण नाही.

1 फेब्रुवारी

1908 च्या प्रकरणाची तयारी. ते ऑलिंपिक आधी रोमला व्हायचे होते, पुढे ते लंडनला आले आणि त्यासाठी व्हाइट सिटीचे प्रचंड क्रीडांगण बांधले गेले. धावपट्टीच्या आतल्या मैदानातच 100 मीटर लांबीचा तलाव खोदलेला होता. ऑलिंपिकच्या शर्यती बांधीव तलावात होण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याआधी खेळाडू अथेन्समध्ये समुद्रात, पॅरिसमध्ये सीन नदीत आणि सेंट लुईसमध्ये तळ्यात पोहले होते.

आमचा तलाव 50 मीटरचा आहे. 1500 मीटरसाठी आमच्या मुलांना तीस फेऱ्या माराव्या लागतात आणि एकोणतीस वेळा भिंतीला पाय लावून जोर घेता येतो. लंडनमध्ये फेऱ्या पंधरा होत्या आणि भिंतीचा आधार चौदाच वेळा मिळत होता. भिंतीचा प्रत्येक धक्का म्हणजे पोहणाऱ्याला मिळालेली उसंत असते. त्यामुळे टेलरच्या वेळेकडे पाहताना ही उणीव लक्षात घ्यायला हवी, असे तलावाच्या आकृतीखाली लिहिले.

3 फेब्रुवारी

सर्व वेळा पुन्हा तपासताना एक गोष्ट ध्यानात आली. लंडनमधली टेलरची 400 मीटरची वेळ 5 मिनिटे 36.8 सेकंद, 1500 मीटरची 22 मिनिटे 48.4 सेकंद, संघाच्या शर्यतीची 10 मिनिटे 55.6 सेकंद. दशांशानंतरचा प्रत्येक आकडा सम आहे. अथेन्सच्या वेळाही तशाच आहेत. त्या काळची हातातली घड्याळे सेकंदाचे पाच भाग मोजत, म्हणून दशांशात मांडले की 0, 2, 4, 6 आणि 8 एवढेच आकडे येतात. अधिकाऱ्याच्या अंगठ्याखाली टिकटिकणारे ते घड्याळ या आकड्यांमागे आहे. मुलांना हे कोडे म्हणून घालायचे आणि उत्तर पुढच्या पानावर द्यायचे ठरवले.

8 फेब्रुवारी

1908 चे प्रकरण लिहून झाले. पुस्तिकेतले हे सर्वांत मोठे प्रकरण असून त्याची चार पाने झाली आहेत.

16 जुलै 1908 रोजी टेलरने 400 मीटरची शर्यत जिंकली. दुसरा आला तो मेलबर्नचा सतरा वर्षांचा फ्रँक बोरपेअर. ज्याने दोन वर्षांपूर्वी समुद्रात टेलरला मागे टाकले होते, तो ओटो शेफ या वेळी तिसरा होता. त्यानंतर तीनच दिवसांनी, 19 जुलैला, लंडनमध्येच आठ देशांच्या प्रतिनिधींनी आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाची स्थापना केली आणि जागतिक विक्रमांची रीतसर नोंद ठेवण्याचे काम त्या महासंघाकडे आले. 400 आणि 1500 मीटर मुक्त शैलीच्या त्या अधिकृत नोंदींत पुरुषांच्या यादीतले पहिले नाव हेन्री टेलरचे आहे. आज आमची मुले ज्या यादीतल्या अगदी ताज्या नावांची चित्रे भिंतीवर लावतात, तिची सुरुवात कालव्यात पोहणाऱ्या एका गिरणी कामगारापासून होते, ही गोष्ट लिहिताना मला फार आनंद झाला.

24 जुलैला चार जणांच्या संघाची 4 गुणिले 200 मीटरची शर्यत झाली. ब्रिटनच्या संघात मँचेस्टरचा जॉन डर्बिशर, कार्डिफचा पॉल रॅडमिलोविच, लँकेशायरमधल्याच बेकपचा विल्यम फॉस्टर आणि शेवटच्या टप्प्याला टेलर असे चौघे होते. हंगेरीचा संघ पुढे होता आणि त्यांच्याकडून शेवटचा टप्पा झोल्तान हाल्मई पोहत होता. लहान पल्ल्याला तो टेलरपेक्षा निश्चितच वेगवान होता. पण अखेरच्या काही मीटरांत हाल्मईचे भान सुटले, तो नागमोडी जाऊ लागला आणि सरळ रेषा धरून आलेला टेलर त्याच्या पुढे निघून गेला. हाल्मई जेमतेम भिंतीला टेकला आणि अर्धवट शुद्धीत असताना त्याला पाण्याबाहेर काढावे लागले. ब्रिटनला 10 मिनिटे 55.6 सेकंद लागले आणि हंगेरीला 10 मिनिटे 59 सेकंद.

हा प्रसंग लिहिताना मी हाल्मईला कमी लेखणारे एकही विशेषण ठेवलेले नाही. प्रतिस्पर्ध्याच्या कोसळण्यातून आलेला विजय मुलांसमोर कसा मांडावा, याचा मी बराच विचार केला. शेवटी असे लिहिले की हाल्मईने आपल्या संघासाठी अंगातले सगळे बळ संपवले आणि टेलरने आपले बळ शेवटच्या हातापर्यंत पुरवले. शर्यतीत ही दोन्ही माणसे लागतात.

दुसऱ्याच दिवशी, 25 जुलैला, 1500 मीटरची अंतिम शर्यत होती. टेलर पहिला, त्याचा देशबांधव सिडनी बॅटर्सबी 22 मिनिटे 51.2 सेकंदांत दुसरा आणि बोरपेअर 22 मिनिटे 56.2 सेकंदांत तिसरा आला. तेवीस मिनिटे चाललेल्या शर्यतीत पहिल्या आणि तिसऱ्यामध्ये आठ सेकंदांपेक्षाही कमी अंतर होते. मी सरासरी काढून पाहिली. टेलरला 100 मीटरला सुमारे 91 सेकंद लागले. अथेन्सच्या समुद्रातल्या मैलाला हीच सरासरी 106 सेकंदांच्या आसपास पडते. लाटा आणि खारे थंड पाणी माणसाकडून किती वसूल करतात, हे समजवायला या दोन आकड्यांपेक्षा चांगले साधन माझ्याकडे नाही.

15 फेब्रुवारी

पोहण्याच्या पद्धतीवरचा चौकटीतला मजकूर आटोपशीर केला. लांब पल्ल्याला त्या काळी ट्रजन पद्धत सर्रास वापरली जाई. दोन्ही हात आळीपाळीने पाण्याबाहेरून पुढे टाकायचे आणि पायांची कात्री मारायची, असे तिचे रूप होते. इंग्लंडमध्ये ती 1873 च्या सुमारास जॉन ट्रजनने आणली. आजच्यासारखी पायांची सलग फडफड असलेली क्रॉल पद्धत तेव्हा ऑस्ट्रेलियाकडून नुकतीच पसरत होती. गावाकडे विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकलेल्या आमच्या काही पालकांचे पाय अजूनही असेच कात्रीसारखे चालतात, तेव्हा मुलांना हे चित्र घरातच पाहायला मिळेल.

22 फेब्रुवारी

1908 नंतरची बारा वर्षे दीड पानात बसवली. 1912 मध्ये स्टॉकहोमला आणि 1920 मध्ये अँटवर्पला टेलरने संघाच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले. अँटवर्पला तो पस्तीस वर्षांचा होता. मधल्या महायुद्धात तो ब्रिटिश नौदलात होता. तो वॉटर पोलोही खेळे, आणि लँकेशायरच्या किनाऱ्यावरची मोरकॅम उपसागर ओलांडण्याची शर्यत त्याने आठ वेळा जिंकली.

या शेवटच्या गोष्टीकडे सहकाऱ्यांचे लक्ष गेले नव्हते. मला ती ऑलिंपिकइतकीच मोलाची वाटते. आपल्या भागातील लोक काठावर उभे आहेत, पाणी ओळखीचे आहे, आणि लंडनचे विजय जुने झाल्यावरही हा माणूस पुन्हा पुन्हा त्याच उपसागरात उतरतो आहे. स्थानिक खेळाडू म्हणतात तो असा असतो. या परिच्छेदासाठी नकाशाची जागा वाढवली.

1 मार्च

अवघड प्रकरण आज सुरू केले. टेलरने पुढे ओल्डहॅमच्या पूर्वेला डोंगराकडेच्या डॉबक्रॉस गावात मद्यगृह चालवायला घेतले. तो व्यवसाय बुडाला आणि त्याला आपले चषक व पदके विकावी लागली. नंतर तो चॅडर्टनच्या तलावावर देखरेखीच्या नोकरीला लागला. 28 फेब्रुवारी 1951 रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, तो गरिबीतच वारला.

पहिला मसुदा आम्ही तिघांनी वाचला. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे होते की लहान मुलांच्या पुस्तिकेत हा भाग नको, 1920 वर थांबावे. दुसऱ्याने सुचवले की तो ठेवावा, पण ‘पैसा सांभाळायला शिका’ असा बोध जोडावा. मला दोन्ही मान्य नव्हते. पहिल्याने टेलरचे अर्धे आयुष्य पुसले जाते आणि दुसऱ्याने त्याच्या गरिबीचा सगळा दोष त्याच्याच माथी जातो.

8 मार्च

आठवडाभर विचार केल्यावर त्या प्रकरणाच्या आधी हौशीपणाच्या नियमांवर एक पान घालायचे ठरवले. त्या काळी ऑलिंपिकमध्ये उतरायचे तर खेळाडू हौशी असावा लागे, म्हणजे त्याने खेळातून पैसा मिळवलेला नसावा. शर्यत जिंकल्यावर चषक, पदक किंवा एखादी वस्तू मिळे, रोख रक्कम मिळत नसे. हा नियम किती कडक होता, ते बोरपेअरच्याच उदाहरणावरून दाखवता येते. पोहण्यावर आणि जीवरक्षणावर मोबदला घेऊन व्याख्याने दिल्यामुळे त्याला व्यावसायिक ठरवले गेले आणि 1912 च्या ऑलिंपिकला तो मुकला.

नियम सर्वांना सारखा होता, परंतु सगळे खेळाडू सारख्या घरांतून आलेले नव्हते. ज्याच्या घरी खायला होते, त्याला चषक फडताळात ठेवणे परवडे. टेलरकडे जे काही जमले होते ते चषकांच्याच रूपात होते, म्हणून अडचणीच्या वेळी विकायलाही तेवढेच होते. हे मी जसेच्या तसे पुस्तिकेत लिहिले आहे. दहा वर्षांच्या मुलाला ते समजते. घरातले दागिने कधी मोडावे लागतात, हे आमच्या तलावावरच्या पुष्कळ मुलांना ठाऊक आहे.

15 मार्च

टेलर आणि बोरपेअर यांची तुलना एका स्वतंत्र पानावर मांडून पाहिली. लंडनमध्ये दोन्ही मोठ्या शर्यतींत हा मुलगा टेलरच्या मागे राहिला होता. 1920 मध्ये अँटवर्पला संघाच्या शर्यतीत ते पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा ऑस्ट्रेलिया दुसरा आणि ब्रिटन तिसरा होता. पुढे बोरपेअरने टायरचा मोठा कारखाना काढून त्याला ‘ऑलिंपिक’ असेच नाव दिले, त्याला ‘सर’ हा किताब मिळाला, तो मेलबर्नचा महापौर झाला आणि 1956 चे ऑलिंपिक आपल्या शहरात आणण्यासाठीही झटला. त्याची धडाडी खरोखर मोठी होती. तरीही हे पान मी शेवटी वेगळे ठेवले नाही, तर त्यातले चार वाक्यांचे सार आधीच्या प्रकरणात मिसळले. शेजारी शेजारी दोन चित्रे छापली की वाचणारा एकाला यशस्वी आणि दुसऱ्याला अयशस्वी ठरवून मोकळा होतो.

22 मार्च

शंभर वर्षांनंतरची नोंद जोडली. एकाच ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवण्याची टेलरची कामगिरी दुसऱ्या ब्रिटिश खेळाडूला साधली ती थेट 2008 मध्ये, बीजिंगला. सायकलपटू ख्रिस हॉयने तिथे तीन सुवर्णपदके जिंकली. त्याच खेळांत रिबेका ॲडलिंग्टनने 400 आणि 800 मीटर जिंकल्या, तेव्हाही 1908 ची आठवण निघाली, कारण एका ऑलिंपिकमध्ये पोहण्याची दोन सुवर्णपदके ब्रिटनला मधल्या काळात कोणी मिळवून दिली नव्हती. 1969 मध्ये अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय जलतरण कीर्तिमंदिरात टेलरचा समावेश झाला होता, तेही वर्षासह घातले.

29 मार्च

आज सकाळच्या तुकडीपुढे सबंध मजकूर वाचून दाखवला. घाण पाण्याच्या दिवसापाशी मुले सर्वांत जास्त बोलली. त्यांनी पाणी किती दिवसांनी बदलत, डोळे चुरचुरत नसत का, आजारी पडत नसत का, असे विचारले. घड्याळाचे कोडे तिघांनी सोडवले. हाल्मईला बाहेर काढल्यावर तो बरा झाला का, असे एका मुलीने विचारले. तो सावरला, हे मी सांगितले. हेच वाक्य आता मजकुरात जाईल, कारण तो प्रश्न इतर मुलांनाही पडणार.

चषक विकल्याचा भाग आला तेव्हा सगळे गप्प बसून ऐकत होते. तो भाग गाळावा असे म्हणणाऱ्या सहकाऱ्याने तुकडी सुटल्यावर स्वतःहून येऊन सांगितले की आता तो ठेवावा.

2 एप्रिल

मुद्रिते तपासून झाली. पाचव्या पानावर 22 मिनिटे 48.4 च्या जागी 22 मिनिटे 48.5 छापले गेले होते, ते दुरुस्त केले. मुलांनी कोड्याच्या आधारे ती चूक नक्की पकडली असती.

अखेरच्या पानावरचा शेवटचा परिच्छेद मृत्यूच्या तारखेवर संपत होता. तो क्रम बदलला. तारीख वर घेतली आणि शेवटचे वाक्य असे ठेवले: ‘चॅडर्टनला ज्या पाण्यात तो स्वस्तातल्या दिवशी पोहायला येई, त्याच गावच्या तलावाकाठी म्हाताऱ्या हेन्री टेलरची नोकरी होती, आणि तिथे शिकायला येणाऱ्या पोरांवर तो लक्ष ठेवत असे.’ पाने दुपारी छपाईला दिली.